हाकण्याचा आवाज

बैल हाकताना गालाच्या कडेनं
आपण जो आवाज काढतो, टक् आणि चक् यांच्या मधला,
ज्याला अक्षर द्यायचं आपल्याकडे कुणाला सुचलं नाही,
तो नामा भाषेत व्यंजन आहे.
त्या व्यंजनानं या झाडाचं नाव सुरू होतं.
पुढचं सोपं : गारास.

माख्रीता ओबीसनं मला ते तीनदा म्हणायला लावलं.
तिसऱ्यांदा तिची एक शेळी वळून चालू लागली.
"झाडाला नाही कळलं," ती म्हणाली,
"पण शेळीला कळलं."

रिख्टर्सवेल्ड. खाली गरीप नदी, पलीकडे नामिबिया.
काळा दगड दुपारी असा तापतो
की सावलीलाही बूड टेकवत नाही.
पाऊस पडतो तो मीठ वाढावं तसा,
पानाच्या कडेला, चिमूटभर.

झाडाच्या खोडाला सोनेरी पापुद्रे, कडा ब्लेडसारख्या.
फांद्यांवर पांढरी भुकटी, ऊन परतवायला.
फांदी आतून भेंडासारखी; पूर्वी शिकारी ती पोखरून
बाण ठेवत, म्हणून भात्याचं झाड.
बाण गेले. हरणंही बरीचशी गेली.
भाता उभा आहे.

बावीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या लोकांनी
या टेकडीवरच्या प्रत्येक झाडाला बिल्ला ठोकला
आणि माख्रीताला एक वही दिली, एक टोपी.
टोपी वाऱ्यानं नेली. वही तिसरी चालू आहे.
एकशे त्रेचाळीस होती. या ऑक्टोबरात एकोणनव्वद.
मेलेल्यावर ती फुली मारत नाही,
तोच आकडा पुन्हा गिरवते, जाड.

एकशे सतरा बघ, ती म्हणाली.
तहान फारच झाली की हे झाड
स्वतःची फांदी गाळून टाकतं,
आणि जखम आपली आपण बुजवतं,
बरणीच्या तोंडाला फडकं बांधावं तशी, घट्ट.
खाणारी तोंडं कमी करायची, बस.
एकशे सतराला बारा हात होते. आता तीन. बाकी खुंट.
"आम्हीही तेच केलं.
थोरल्याला खाणीवर धाडलं, धाकटीला केपटाउनला."

फुलं अजून येतात, हिवाळ्यात, पिवळी.
बी धरतं, कागदाच्या कपट्याइतकं हलकं;
वारा नेऊन नेऊन किती नेणार,
हाकेच्या अंतरावर टाकतो.
रुजायला ओळीनं दोन-तीन वर्षं बरी लागतात.
ओळीनं बरी वर्षं तिच्या वहीत एकदाच आहेत,
पहिल्या वहीत, पहिल्या पानांवर.

गेल्या वर्षी तिचा भाऊ ट्रक घेऊन
दक्षिणेला, पार न्यूवूडफिलला गेला.
तिथून त्यानं फोटो पाठवला :
एका थंड उतारावर वीतभर उंचीची गारास, पुष्कळ.
मी म्हटलं, म्हणजे झाडं निघाली की तिकडे!
परक्यानं येऊन सोयरीक सांगावी
तसं ती माझ्याकडे पाहत राहिली.
"ती तिथल्या म्हाताऱ्यांची पोरं.
ही इथली इथंच मरतात.
नकाशा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चाललंय."
मग जरा वेळानं, शेळ्यांकडे बघत,
"आमची मुलं गेली, म्हणून आम्ही गेलो का?"

संध्याकाळी तिनं गालातून तो आवाज काढला.
शेळ्या निघाल्या. मीही निघालो.
एकशे सतराच्या बुडाशी एक झुबका पडला होता,
सकाळी नव्हता. पानं गार लागली, आत पाणी होतं.
म्हाताऱ्या शेळीपुढे तिनं तो धरला.
शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. कडू.

तिनं वही उघडली. लिहिलं :
११७. हात दोन.
आणि पेनला टोपण लावण्याआधी
वर बघत थोडी थांबली,
मोजण्यात चूक झाली असेल तर.